लाखेखालचं तोंड

अक्षय तृतीयेला कुनघाडकरांच्या घरी आजोबांची आंघोळ असते. आजोबा म्हणजे चांदीचं एक नाणं, करंगळीच्या नखाहून जरासं मोठं. सागवानी पाटाच्या मधोमध खळगा करून त्यात ते पळसाच्या लाखेने बसवलेलं आहे. कुणी बसवलं आणि कधी, हे आता घरात कुणालाच ठाऊक नाही. वर्षभर पाट देवघरात लाल कापडाखाली झाकलेला असतो. तिजेला तो बाहेर काढायचा, चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन आजोबांना लखलखीत घासायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मग पितरांचं पान वाढायचं. या घराच्या मूळपुरुषाने म्हणे कुऱ्हाडीने वाघ मारला, तो वाघ खांद्यावर टाकून तो चांद्याच्या राजापुढे गेला, आणि राजाने खूश होऊन त्याचं तोंड नाण्यावर छापून दिलं. घरच्या कथेला पुरावा मागू नये. प्रफुल्ल मागतो, म्हणून सणाला त्याला जेवायला बोलावतात, बोलायला नाही.

यंदा मात्र तो बोलायचंच ठरवून चंद्रपूरहून आला होता. त्याची आई भागरथाबाई जाऊन तिसरी तीज आली होती. त्यांच्या पायांतल्या चांदीच्या पायपट्ट्या आणि आजोबांचं नाणं एकत्र वितळवून, गडचिरोलीच्या सोनाराकडून देवघरात पुजायला आजोबांच्या तोंडाचा एक चांगला ठसठशीत टाक करून घ्यायचा, असं थोरल्या सुनेने, म्हणजे कमळाने, ठरवलं होतं. सोनाराकडे जायचं ते उद्या सकाळी. प्रफुल्लच्या हातात आजचा एक दिवस होता.

"वहिनी, जरा हळू घासा," तो न्हाणीच्या दाराशी उभा राहून म्हणाला.

"काऊन? लागते का त्याइले?" कमळा मान वर न करता म्हणाली.

"झिजून राह्यलं ना ते. त्याच्यावर कडेनं अक्षरं होती. राजाचं नाव, राजाच्या बापाचं नाव. आपन दर साली चिंच लावून पुसून टाकलं."

"मंग आता पुसाले काई उरलंच नाई, तं घासू द्या ना भाऊ."

कमळाचं या नाण्याशी वैर होतं आणि त्याला कारणही होतं. लग्न होऊन ती या घरात आली त्याच वर्षी सासूने पाट तिच्या पुढ्यात ठेवला, आणि मग दर तिजेला मागे उभं राहून शिकवणी घेतली. राख जास्त झाली, चिंच कमी झाली, मिशीच्या खाली मळ राहिला, तुझ्या माहेरी भांडी कोण घासतं. सासू गेली तरी पाट पुढ्यात घेतला की कमळाला मागून आवाज यायचा. टाक झाला की घासायची कटकट गेली आणि आवाजही गेला, हा तिचा खरा हिशेब होता. तोंडाने ती मात्र म्हणायची, की आजोबांचं तोंड आता नीट दिसत नाही, परकी माणसं हसतात.

तोंड दिसत नव्हतं हे खरंच. वर एक गोळा, त्याखाली दोन गोळे, त्याखाली नागमोडी रेघ. वरचा गोळा कपाळ, खालचे दोन गाल, रेघ म्हणजे मिशी. कपाळावर चंद्रासारखी कोर होती, ती फेट्याचा तुरा. या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराला हे तोंड असं बोट ठेवून शिकवलेलं होतं.

"हे तोंड नाई वहिनी," प्रफुल्ल म्हणाला. "हा डोंगर हाय. खाली नदी, वर चंद्र. ही नाण्याची मागची बाजू. तोंड खाली हाय, लाखेत."

कमळाने हात थांबवले. "म्हनजे इतके साल मी कोनाचं तोंड धुतलं?"

"डोंगराचं."

"पाहा," ती आत बघून मोठ्याने म्हणाली, "ललिता, तुह्या घरवाल्यानं येऊन पानी पन पेलं नाई, अन् आजोबाचा डोंगर केला."

ललिता आत वडे थापत होती. मनातून ती आज जावेच्या बाजूची होती. नवरा चित्रकलेचा मास्तर होता तोवर बरं होतं. निवृत्त झाला आणि घरात नाकं घुसली. जुन्या नाण्यांवरचे राजे ओळखायचे, हा प्रफुल्लचा छंद. स्वतःकडे नाणी फारशी नव्हती. कुठूनकुठून लोक मोबाईलवर फोटो पाठवायचे आणि हा भिंग लावून बसायचा. कुषाणाची दाढी, सातवाहनाचे ओठ, क्षत्रपाचं नाक. एकदा ललिताच्या सख्ख्या भावाकडे पाहून तो जेवताना म्हणाला होता, "तुमचं कपाळ थेट नहपानाचं हाय." भाऊ अजून विचारतो, तो कोण होता आणि त्याला काय झालं होतं.

त्यात आणखी एक वाईट खोड. ओळखेल ते खरंच सांगेल. चंद्रपुरात एका बड्या ठेकेदाराने मखमलीच्या डबीतून विक्रमादित्याचं नाणं दाखवलं, तर याने चार माणसांत सांगितलं, की हे गेल्या दिवाळीच्या आसपासचं असावं. त्या घरी पुढे लग्नाचं आमंत्रणही आलं नाही.

दुपारच्या एस.टी.ने चिमूरहून शकुबाई आली. ही कमळाच्या नवऱ्याच्या, लटारूच्या, पाठची आणि प्रफुल्लच्या वरची बहीण. गेल्या पोळ्याला कमळाने तिला लुगड्याऐवजी नुसता ब्लाउजपीस देऊन बोळवलं, तेव्हापासून ती रुसलेली होती. ती उन्हाने तांबडी होऊन आली, कूलरपुढे बसली, गटागटा पाणी प्याली आणि विचारलं, "भांडन कायचं चालू हाय?"

"काका नाई म्हणून राह्यला टाकाले," लटारूचा मुलगा आदेश म्हणाला.

"अन् तुही माय?"

"ते हो म्हणते."

"मंग मी प्रफुल्लच्या बाजूनं," शकुबाई म्हणाली. "आता सांगा, टाक म्हनजे कायचा टाक?"

आदेशने मोबाईल पुढे केला. सोनाराने पाठवलेला नमुना होता. चांदीच्या पत्र्यावर भरघोस मिशांचा, टोकदार हनुवटीचा, सिनेमात शोभेल असा पुरुष.

"हा आपल्या घरातला नाई," शकुबाईने निकाल दिला. "एवढा देखना मानूस आपल्यात कोनीच झाला नाई."

"आत्या, सोनार म्हणते तोंड पायजे तसं करून देईन. फक्त जुनी चांदी त्यात पडली पायजे, म्हनजे मान राह्यते."

"मान चांदीत नाई राह्यत आदेश," प्रफुल्ल म्हणाला. "वितळलं का संपलं. असं नाणं मंग कुठून आनशीन? त्याच्याखाली सोळा-सतराशे साल जुनं तोंड दबून हाय. या घरातल्या एकाबी मानसानं ते पाह्यलं नाई. मायनं मले हात लावू देल्ला नाई. एकवार पाहू द्या ना मले."

शेवटचं वाक्य त्याने भांडायच्या सुरात सुरू केलं होतं, पण ते संपलं वेगळ्याच सुरात. पंधरा वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा आईकडे हे मागितलं होतं आणि पाठीत लाटणं खाल्लं होतं. आता साठीला आला तरी ते मागणं तसंच होतं.

सगळ्यांनी लटारूकडे पाहिलं. घरात कर्ता तो. कर्त्या माणसाने कधी काही ठरवू नये, म्हणजे घर टिकतं, या मतावर त्याने आयुष्य काढलं होतं. तो म्हणाला, "जेवून घ्या पयले."

"पितराचं पान वाढल्याबिगर कसं जेवान?" कमळा म्हणाली.

"मंग पान वाढा."

"आजोबाले बसवल्याबिगर पान कसं वाढू? अन् तुमचा भाऊ म्हणते, आजोबा पालथे हायेत."

लटारूने पाटाकडे पाहिलं. "उद्या सोनार काढनारच हाय ना त्याइले लाखेतून?"

"हो."

"मंग आज आपन काढलं तं का बिघडते? पाहू दे त्याले. पाहून झालं का उद्या घेऊन जा."

हे दोघांनाही दिलं होतं आणि कुणालाच दिलं नव्हतं. यालाच तो न्याय म्हणत असे.

ललिताने प्रफुल्लला मागच्या अंगणात ओढलं. तिथे उन्हात कुरड्या वाळत होत्या. तिने आवाज खाली आणला.

"अहो, ऐका. लाख निघाली का तुमी म्हना, हेच आजोबा. वाघ मारनारे. बस. एवढंच म्हना. मंग कोनी वितळवनार नाई."

"अन् नसले तं?"

"कोनाले समजते इथी?"

"मले समजते ना."

ललिताने कपाळावर हात मारला. ही वाट त्याला दिसत नव्हती असं नाही. गाडीतून येतानाच दिसली होती, आणि तिच्यावर पाय ठेवायला तो तयार नव्हता. परक्याला खरं सांगायचं आणि घरच्यांना खोटं, हे त्याच्याने होईना.

लाख सोडवायचं काम शकुबाईने घेतलं. विळ्याची मूठ सैल झाली की लाख तापवून ती कशी बसवायची, हे तिला येत होतं. बसवता येतं त्याला काढता येतं. तिने विळ्याचं टोक गॅसवर लाल केलं आणि नाण्याच्या कडेने हळूहळू फिरवलं. लाखेचा वास घरभर सुटला. कमळा पितरांचं पान घेऊन शेजारी उभी होती, कारण काहीही झालं तरी मधली एक गोष्ट तिच्या नजरेआड व्हायला नको होती.

"निघून राह्यलं," शकुबाई म्हणाली. "प्रफुल्ल, हात धर खाली."

प्रफुल्लने हात धरला. पण नाणं निघालं ते उडून, आणि पडलं कमळाच्या हातातल्या पानावरच्या चिंचगुळाच्या चिंचोणीच्या द्रोणात.

"पितर सोताच जेवाले बसले," आदेश म्हणाला, आणि आईची नजर पाहून मागे सरकला.

प्रफुल्लने द्रोणात दोन बोटं घालून नाणं काढलं, धोतराच्या सोग्याने पुसावं तसं शर्टाच्या टोकाने पुसलं, आणि भिंग डोळ्याला लावलं. लाखेने आपलं काम चोख केलं होतं. वरची बाजू घासून घासून गुळगुळीत झाली होती, पण खालची कालच्यासारखी होती. उजवीकडे तोंड केलेला एक माणूस. मानेवर केस, कानात काहीतरी, बाकदार मोठं नाक, मिशी. डोक्यामागे अर्धेमुर्धे आकडे.

"रुद्रसेन!" तो ओरडला. "दुसरा रुद्रसेन असावा! हे नाक पाहा, हे त्याइच्याच घरचं नाक! महाक्षत्रप! शक राजा!"

तो इतका खूश झाला, की आपण काय करून बसलो हे त्याला लगेच कळलं नाही. कळलं ते लटारूच्या प्रश्नाने.

"शक म्हनजे? आपला नाई?"

"नाई भाऊ. तिकडे गुजरात, माळवा, तिकडचा. त्याइचे आजे-पंजे तं देशाच्याबी भायेरून आले."

"वाघ?"

"वाघ नाई. नाण्यावर तोंड राजाचं राह्यते, वाघ मारनाऱ्याचं नाई."

  सर्वात मोठा घाव शकुबाईला बसला. सासरी चिमूरला तिने आयुष्यभर त्या वाघाच्या जोरावर मान ताठ ठेवली होती. बेचाळीसच्या लढ्यात आमच्या घरचा माणूस होता असं सासरचे सांगायचे, तेव्हा ती म्हणायची, आमच्या घरच्याने वाघ मारला. आता एका झटक्यात तो वाघ जिवंत होऊन जंगलात निघून गेला.

"म्हनजे आपन परक्या मानसाच्या पाठीले उटनं लावत होतो?" ती म्हणाली. "जाऊ दे. वितळवा मंग. मी वहिनीच्या बाजूनं."

"बाई!" प्रफुल्ल म्हणाला.

"बाई-बिई काई नाई. वाघबी घेतला तुनं अन् आजोबाबी घेतला. ठेवलं का मंग?"

"मी म्हनलंच होतं," कमळा म्हणाली. विजय तिच्या तोंडावर मावत नव्हता. "आदेश, त्या पुडीत बांध. पायपट्ट्यासंगं."

लटारू काही बोलला नाही, म्हणजे ठरलं. प्रफुल्ल नाणं मुठीत धरून भिंतीला टेकला. खरं सांगून त्याने आजवर मित्र घालवले होते, आमंत्रणं घालवली होती, आणि त्याला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. आज मात्र त्याचे डोळे भरले. मूठ उघडावी लागणार होती.

ललिताने ते पाहिलं. इतकी वर्षं तो "जरा पाहा तं" म्हणून भिंग पुढे करायचा आणि ती "भाजी लागून राह्यली" म्हणून उठून जायची. एकदाही तिने त्या काचेतून पाहिलं नव्हतं. ती पदराला हात पुसत त्याच्याजवळ आली.

"द्या," ती म्हणाली. "पाहू द्या मले."

"का पाहतं आता?"

"द्या म्हनलं ना."

तिने भिंग लावलं. आधी तिला नुसता उजेड दिसला, मग नाक दिसलं.  मग तिने एकदा प्रफुल्लच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा लटारूच्या, आणि नाणं आणि भिंग नेऊन कमळाच्या हातात दिलं.

"बाई, पुडीत बांधाच्या आदी एकवार पाहून घ्या."

"मले का समजते त्यातलं?"

"तुमालेच समजते."

कमळाने पितरांचं पान खाली ठेवलं आणि घाईने, उपकार केल्यासारखा डोळा लावला. आणि पुढच्याच क्षणी तिचा डावा हात आपोआप वर गेला आणि तिने डोक्यावर पदर घेतला.

"अव माय व," ती म्हणाली. "ह्या तं माय हायेत!"

"कोन माय?" शकुबाईने विचारलं.

"तुमची माय! माही सासू! पाहा ना, ते नाक पाहा. अन् तो खालचा ओठ. मी राख जास्त घेतली का असाच ओठ काढे ते. असाच!"

"वहिनी, तो पुरुष हाय," प्रफुल्ल म्हणाला. "मिशी हाय त्याले."

"मायलेबी होती."

"काऊन व," शकुबाई उसळली, "माह्या मायले मिशी होती म्हनतं? मेलेल्या मानसाले नावं ठेवतं? आन इकडं." तिने भिंग हिसकावलं. डोळा लावला.  "हं," ती शेवटी म्हणाली, बऱ्याच खालच्या आवाजात. "थोडीशी होती."

"आयव, पुडी बांधू ना मंग?" आदेशने विचारलं.

"कोनती पुडी?" कमळा त्याच्यावर कडाडली. "आजीले भट्टीत टाकतं का? ते मले झोपू देईन का मंग? जित्तेपनी देल्लं नाई, आता तं तिले दुसरं कामच नाई!"

"पन काका म्हणते हा राजा..."

"काकाले राजेच दिसते. काकाले कधी सासू होती का या घरात?"

"वहिनी, ऐका," प्रफुल्ल म्हणाला. चूक ती चूक, नाणं वाचलं म्हणून ती बरोबर होत नाही. "सतराशे साल जुना मानूस हाय हा. मायशी त्याचा काहीच..."

"चुप बसा," ललिता म्हणाली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "तुमी नाक पाह्यलं. आता तोंड पाहा."

त्याने पाहिलं. आकडे सोडले, कानातलं सोडलं, केसांची ठेवण सोडली. खालचा ओठ जरासा पुढे आला होता. काही मनाविरुद्ध झालं आणि बोलायचं नाही असं ठरवलं, की आई असा ओठ पुढे काढून धानाच्या बांधावर उभी राहायची. तिच्या शेवटच्या आजारात तो शाळेच्या सत्काराचं कारण सांगून दोन दिवस उशिरा पोचला, तेव्हाही तिने ओठ असाच काढला होता आणि मग विचारलं होतं, जेवला का. त्याला आईची फार आठवण आली. तो तिथेच जमिनीवर बसला आणि वाद घालायचा राहिला.

"आता हे कोनाजवळ राह्यनार?" शकुबाई म्हणाली. तिचं मन पुन्हा फिरलं होतं. "माय माही हाय. मी चिमूरले घेऊन जातो."

"घेऊन जान!" कमळा म्हणाली. "सेवा मी केली, घासलं मी, बोलनं मी खाल्लं. ते इथीच राह्यनार. अन् आता तोंड वरतं ठेवून बसवा. डोंगर खाली."

"वरतं ठेवलं तं तुमी ते घासान," प्रफुल्ल जमिनीवरूनच कळवळून म्हणाला.

"तुमच्या मायले राख लावाची हिंमत हाय का माही? कापसानं पुसतो."

एवढा गलका चालला होता आणि लटारू खुर्चीतून उठला नव्हता. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आई गेली त्या दिवशी लाकडं त्याने आणवली, पाहुण्यांना फोन त्याने केले, तेरवीचा मांडव त्याने घालून घेतला. माणसं रडत होती आणि तो त्यांना चहा पाजत होता. नंतरही तो रडला नाही. घर चालवणाऱ्याचं हे असंच असतं, असं सगळ्यांनी धरून घेतलं आणि त्यानेही धरून घेतलं.

"मले दाखवा," तो म्हणाला.

प्रफुल्लने नाणं त्याच्या जाड तळव्यावर ठेवलं आणि भिंग कसं धरायचं ते दाखवलं. लटारूने आधी ते फार लांब धरलं, मग फार जवळ. मग त्याला सापडलं. तो पाहतच राहिला. शकुबाई आणि कमळाचं भांडण आपसूक मंदावत गेलं आणि थांबलं.

"प्रफुल्ल."

"हां भाऊ."

"राजा हाय म्हनलास ना हा?"

प्रफुल्लने ललिताकडे पाहिलं. मग भावाकडे. "हो भाऊ. राजाच हाय," तो म्हणाला.

लटारूने मान हलवली. भिंगावरून डोळा काढला नाही.

"मायले कोनी सांगतलं असतं, का बाई, तू राजा हायेस," तो म्हणाला, "तं तिनं पयले इच्यारलं असतं, राज्य कोनाच्या नावावर हाय."

शकुबाई फिस्सकन हसली. मग ललिता, मग आदेश, मग डोक्यावरचा पदर सावरत कमळाही. लटारूही हसत होता, खांदे हलवून, खाली मान घालून. बाकीच्यांचं हसू संपलं तरी त्याचे खांदे हलायचे थांबले नाहीत. तेव्हा सगळ्यांना कळलं, की तो हसत नाही.

आदेश पुढे व्हायला लागला. कमळाने त्याला हाताने मागे सारलं. पितरांचं पान तिने बाजूला सरकवलं आणि ती नवऱ्याजवळ खाली जमिनीवर बसली.

"रडा," ती म्हणाली. "घाई नाई. पान मी मंग वाढतो."